राजर्षि मार्कस ऑरेलियस

मनुष्याचें जीवन दैवाच्या हातीं आहे कीं त्याच्या स्वतःच्या हातीं आहे, हा वाद फार जुना आहे. परीक्षेंत अपयश आल्यावर कपाळाला हात लावून बसणारा विद्यार्थी आणि व्यापारांत ठोकर लागल्यावर ग्रहांना दोष देणारा गृहस्थ, हे दोघेही नकळत या वादांत एक पक्ष घेत असतात. उलटपक्षीं, सुदैवानें लाभलेल्या संपत्तीला आपल्या कर्तृत्वाचें फळ समजून फुगून जाणारे लोकही कांहीं थोडे नाहींत. ज्याला दैवानें ऐश्वर्याच्या शिखरावर नेऊन बसविलें, आणि त्याच दैवानें ज्याच्या माथ्यावर युद्ध, दुष्काळ, महामारी व पुत्रशोक यांचा वर्षाव केला, अशा एका पुरुषानें या प्रश्नाचा विचार कसा केला व तो आचरणांत कसा आणला, हें पाहणें बोधप्रद होईल असें वाटून आम्ही रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस याचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. हा पुरुष निर्दोष नव्हता. त्याच्या गुणांप्रमाणेंच त्याचे दोषही शिकविणारे आहेत, म्हणून ते आम्हीं झांकून ठेविले नाहींत.

मार्कसचा जन्म इ. स. १२१ च्या एप्रिल महिन्यांत रोम शहरीं एका श्रीमंत व कुलीन घराण्यांत झाला. तो अगदीं लहान असतांनाच त्याचा पिता मरण पावला, तेव्हां आजोबांनीं त्याचें पालनपोषण केलें. त्याची माता डोमिशिया लुसिला हिच्या मालकीचे विटांचे मोठे कारखाने होते. तथापि घरांत संपत्ति असूनही साधेपणानें कसें राहावें, हें तिनें आपल्या मुलाला शिकविलें, आणि तो तें जन्मभर विसरला नाहीं. त्याचें शिक्षण घरींच उत्तमोत्तम गुरूंच्या हाताखालीं झालें. आठव्या वर्षीं युद्धदेवतेच्या पुजारीमंडळांत त्याचें नांव दाखल झालें. त्या मंडळाचीं स्तोत्रें इतकीं पुरातन होतीं कीं, त्यांचा अर्थ पुजाऱ्यांनाही धड कळत नसे. परंतु या बालकानें तीं सर्व मुखोद्गत केलीं. त्या वेळचा बादशहा हेड्रियन याला या मुलाचा सत्यप्रिय व गंभीर स्वभाव फार आवडे. मुलाच्या कुलनामावर श्लेष करून तो त्याला परमसत्यवादी अशा अर्थाच्या नांवानें हांक मारीत असे.

बाराव्या वर्षाच्या सुमारास मार्कसला तत्त्वज्ञानाचा छंद लागला. त्या काळीं तत्त्वज्ञानी लोक जाडेभरडें वस्त्र पांघरीत व कठीण जमिनीवर निजत. मार्कसनेंही तसेंच करण्यास आरंभ केला. आईनें पुष्कळ विनवण्या केल्या, तेव्हां कोठें तो कातडीं पसरलेल्या खाटेवर निजूं लागला. मुलांच्या मनांत असे वेडे हट्ट पुष्कळदां येतात व दोन महिन्यांत निघूनही जातात. मार्कसचा हट्ट मात्र मरेपर्यंत टिकला.

ज्या पंथाकडे त्याचें मन ओढलें गेलें, त्या पंथाला स्टोइक पंथ म्हणतात. ख्रिस्तापूर्वीं सुमारें तीनशें वर्षें झीनो नांवाचा एक तत्त्वज्ञानी अथेन्स शहरांतील एका चित्रित ओसरीवर बसून शिष्यांना शिकवीत असे. ओसरीला ग्रीक भाषेंत स्टोआ म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. या पंथाचें मत थोडक्यांत असें कीं, सर्व विश्व एका महान् बुद्धीनें चाललें आहे. आरोग्य, संपत्ति, मान व आयुष्य हीं आपल्या सत्तेंतलीं नव्हेत. आपल्या सत्तेंत एकच गोष्ट आहे, ती ही कीं, जें कांहीं वांट्यास येईल त्यास आपण कोणत्या वृत्तीनें तोंड द्यावें. शिवाय सर्व मनुष्यांना बुद्धीचा अंश मिळाला असल्यामुळें सर्व मनुष्यें एकमेकांचीं नातलग आहेत, मग तीं राजे असोत कीं गुलाम असोत.

या मताचा त्या काळचा सर्वांत मोठा शिक्षक एपिक्टेटस हा स्वतः पूर्वायुष्यांत गुलाम होता आणि पायानें लंगडा होता. त्यानें एकही ग्रंथ लिहिला नाहीं. त्याचीं प्रवचनें त्याच्या एका शिष्यानें लिहून ठेविलीं. मार्कसचा गुरु जूनियस रस्टिकस यानें आपल्या संग्रहांतील तीं प्रवचनें मार्कसला वाचावयास दिलीं, आणि तो उपकार मार्कसनें पुढें कृतज्ञतेनें लिहून ठेविला. जगाचा भावी बादशहा एका गुलामाच्या चरणांपाशीं बसून शिकला, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. या लेखांत पुढें तिचें स्मरण पुन्हां करावें लागेल.

इ. स. १३८ सालीं वृद्ध हेड्रियननें अँटोनायनस पायस नांवाच्या सज्जन गृहस्थास दत्तक घेतलें आणि अशी अट घातली कीं, त्यानेंही मार्कस व ल्यूशियस या दोन मुलांना दत्तक घ्यावें. अशा रीतीनें वयाच्या सतराव्या वर्षीं साम्राज्याचा वारसा मार्कसकडे चालत आला. दुसरा कोणी असता तर आनंदानें नाचला असता. मार्कस मात्र उदास झाला, आणि आईचें घर सोडून राजवाड्यांत राहावयास जातांना त्याचें पाऊल जड झालें.

स्टोइक मताचा मनुष्य म्हणजे दगडासारखा निर्विकार, अशी पुष्कळांची समजूत असते. मार्कसचें चरित्र ती समजूत खोटी ठरवितें. त्याच्या बालपणचा एक शिक्षक वारला तेव्हां तो रडूं लागला. राजवाड्यांतील सेवक त्याला आंवरूं लागले, कारण राजपुत्रानें असें रडणें त्यांना शोभेसें वाटेना. तेव्हां अँटोनायनसनें त्यांना थांबविलें आणि समजावून सांगितलें कीं, मुलाला मनुष्य राहूं द्या. तत्त्वज्ञान किंवा राजपद यांनीं प्रेमाचा झरा आटवूं नये. वक्तृत्वकलेचा शिक्षक फ्रॉन्टो याच्याशीं मार्कसचा जो पत्रव्यवहार झाला, तो शेंकडों वर्षें नाहींसा झालेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जुन्या चर्मपत्रांवर पुसट झालेल्या अक्षरांत तो सांपडला. त्यांतील एका पत्रांत, आपण मळ्यांत द्राक्षांची तोडणी कशी केली, आरडाओरडा करून घामाघूम कसे झालों, आणि मग आईजवळ बसून किती वेळ गप्पा मारल्या, याचें वर्णन आहे. गुरूच्या दुखण्याची चौकशी तर पत्रोपत्रीं आढळते. हीं पत्रें वाचतांना पुढचा गंभीर बादशहा डोळ्यांपुढें येत नाहीं. येतो तो एक प्रेमळ, किंचित् हट्टी विद्यार्थी.

इ. स. १४५ मध्यें अँटोनायनसची कन्या फॉस्टिना हिच्याशीं त्याचा विवाह झाला. त्यांना चौदांपेक्षां कमी अपत्यें झालीं नाहींत, परंतु त्यांतील बहुतेक बापाच्या डोळ्यांदेखत मृत्यूनें नेलीं.

इ. स. १६१ च्या मार्च महिन्यांत अँटोनायनस वारला आणि मार्कस बादशहा झाला. त्याचें पहिलेंच कृत्य त्याच्या स्वभावाला साजेसें होतें. राज्याचा सर्व अधिकार एकट्याकडे येत असतां त्यानें आपला दत्तक बंधु ल्यूशियस यालाही बरोबरीचा बादशहा करण्याचा आग्रह धरला. एका सिंहासनासाठीं भावाभावांचे गळे कापले गेल्याच्या कथांनीं जगाचा इतिहास भरलेला आहे. सिंहासन आपण होऊन वांटून घेणारा भाऊ विरळाच.

येथून पुढें दैवानें त्याची परीक्षा घेण्यास आरंभ केला. राज्यारंभींच टायबर नदीला महापूर येऊन रोम शहराचा बराच भाग बुडाला व पाठोपाठ अन्नाचें दुर्भिक्ष्य आलें. त्याच सुमारास पूर्वेकडे पार्थियन लोकांनीं युद्ध सुरू केलें. तें युद्ध इ. स. १६६ मध्यें रोमच्या विजयानें संपलें खरें, पण परत आलेल्या सैन्यानें आपल्याबरोबर एक भयंकर सांथ आणली. ती बहुधा देवीची असावी असें विद्वान् मानतात. गॅलन नांवाच्या प्रख्यात वैद्यानें तिचीं लक्षणें लिहून ठेविलीं आहेत. ती वर्षानुवर्षें साम्राज्यभर फिरत राहिली व तिनें लाखों माणसें नेलीं. इतक्यांत उत्तरेस डॅन्यूब नदीपलीकडील मार्कोमानी, क्वाडी वगैरे टोळ्या नदी उतरून साम्राज्यांत घुसल्या आणि थेट इटलीच्या भूमीपर्यंत येऊन पोहोंचल्या. ल्यूशियस इ. स. १६९ मध्यें मरण पावला व सर्व भार एकट्या मार्कसवर पडला.

खजिना रिता झाला होता. युद्धाचा खर्च कसा भागवावयाचा? प्रजेवर नवे कर लादणें सोपें होतें. पण सांथीनें व दुष्काळानें पिचलेल्या लोकांकडून आणखी पैसा पिळून काढण्यास मार्कसचें मन धजेना. त्यानें राजवाड्यांतील सोन्याचे पेले, स्फटिकाचीं पात्रें, जडजवाहीर, एवढेंच नव्हे तर राणीचीं रेशमी व जरतारी वस्त्रेंसुद्धां भर चौकांत लिलावास काढलीं. हा लिलाव दोन महिने चालला होता, असें प्राचीन चरित्रकार सांगतो. पुढें विजय मिळाल्यावर, ज्यांना वस्तु परत द्यावयाच्या असतील त्यांनीं द्याव्या व आपले पैसे घेऊन जावे, अशी त्यानें मुभा दिली. मात्र कोणावर सक्ति केली नाहीं.

राज्यकारभारांतही त्याची हीच दृष्टि होती. न्यायासनावर बसल्यावर तो वकिलांस बोलण्यास भरपूर वेळ देई आणि एकेका खटल्यासाठीं प्रसंगीं अकरा अकरा, बारा बारा दिवस खर्च करी. पोरक्या मुलांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठीं त्यानें एक स्वतंत्र अधिकारी नेमिला. गुलामांना मुक्तता मिळण्याचा मार्ग त्याच्या निर्णयांनीं पुष्कळ सुलभ झाला. तलवारबाजांचे प्राणघातक खेळ हा रोमन लोकांचा आवडता विरंगुळा होता. मार्कसला त्यांचा कंटाळा असे, आणि आपल्या समोर लढणाऱ्यांना तो बोथट शस्त्रें देववी. एकदां दोरीवर नाचणारा एक मुलगा खालीं पडला, तेव्हांपासून अशा खेळांच्या वेळीं दोरीखालीं गाद्या पसरण्याचा त्यानें हुकूम केला. साम्राज्याची चिंता वाहणाऱ्या पुरुषाला एका डोंबाऱ्याच्या पोराची चिंता करण्यास वेळ मिळाला, हें त्याला भूषणावह आहे.

आयुष्याचीं शेवटचीं बहुतेक वर्षें त्याला डॅन्यूबच्या काठीं छावणींत काढावीं लागलीं. पुस्तकांची आवड असलेल्या, प्रकृतीनें अशक्त, झोंप कमी व भूक मंद अशा या मनुष्याला थंडीवाऱ्यांत, चिखलांत व रक्तपातांत राहावें लागलें. तेथें फावल्या वेळीं तो आपल्या मनाशीं केलेलें हितगुज ग्रीक भाषेंत लिहून ठेवीत असे. त्या टिपणांचे बारा भाग आज उपलब्ध आहेत. त्यांपैकीं एक क्वाडी लोकांच्या मुलुखांत व एक कार्नुंटम येथील तळावर लिहिल्याची नोंद आहे. हें पुस्तक त्यानें कोणाला दाखविण्यासाठीं लिहिलें नाहीं, त्याला नांवही दिलें नाहीं. म्हणूनच त्याचें मोल मोठें आहे. जगापुढें बोलतांना पुष्कळजण साधु होतात. एकांतांत स्वतःशीं बोलतांना मनुष्य खरा कळतो.

या टिपणांत आहे तरी काय? प्रारंभींच त्यानें आपल्या उपकारकर्त्यांची एक यादी केली आहे. आजोबा, आई, शिक्षक, मित्र व दत्तक पिता यांपैकीं प्रत्येकाकडून आपण कोणता गुण घेतला, हें तो एकेक करून नमूद करितो. आपल्या अंगीं जें चांगलें आहे तें उसनें आहे, असें मानणारा हा बादशहा होता. पुढें तो स्वतःला पुन्हां पुन्हां शिकवितो, दटावितो. सकाळीं अंथरुणांतून उठण्याचा आळस येतो, म्हणून तो आपल्या मनाची समजूत घालतो. दिवसभरांत कृतघ्न, उद्धट व मत्सरी माणसें भेटणारच, याची तो स्वतःला आधींच आठवण देतो आणि त्यांचें आपलें नातें न तोडण्याचा निश्चय करितो. स्तुतीनें आपण भुलूं नये, राजवस्त्राचा रंग आपल्या मनाला लागूं नये, याविषयीं तो जागरूक असतो. रागाच्या आहारीं जाण्याचें त्याला भय वाटे, यावरून त्याला राग येत असावा हें उघड आहे. उपजत शांत असलेल्या मनुष्याला शांतीचे धडे रोज गिरवावे लागत नाहींत.

दैवाविषयींचें त्याचें मत येथें नीट समजून घेतलें पाहिजे. आपल्याकडे, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असें म्हणून स्वस्थ बसणाऱ्यास दैववादी म्हणतात. मार्कस तसा दैववादी नव्हता. सांथ येणें त्याच्या हातीं नव्हतें. परंतु सांथींत मेलेल्या गरिबांचे अंत्यविधि सरकारी खर्चानें करणें त्याच्या हातीं होतें, तें त्यानें केलें. टोळ्यांचें आक्रमण त्याच्या हातीं नव्हतें. छावणींत जाऊन राहणें त्याच्या हातीं होतें, तें त्यानें केलें. जें टळत नाहीं त्याविषयीं कुरकुर करावयाची नाहीं, आणि जें करतां येण्यासारखें आहे त्यांत कसूर करावयाची नाहीं, या दोन रुळांवरून त्याचें आयुष्य चाललें. कमोडसचा जुळा भाऊ चार वर्षांचा होऊन वारला. इ. स. १६९ मध्यें दुसरा एक सात वर्षांचा मुलगा कानाखालील गांठीवर शस्त्रक्रिया केल्यानंतर दगावला. बापानें थोडे दिवस शोक केला, वैद्यांचें सांत्वन केलें, आणि तो पुन्हां कामास लागला. ज्या वैद्यांच्या हातून आपलें मूल वांचलें नाहीं, त्यांचेंच सांत्वन करणें किती जणांना साधेल बरें?

त्याच्या क्षमाशीलतेची मोठी कसोटी इ. स. १७५ मध्यें लागली. मार्कस मरण पावला अशी खोटी बातमी पसरली आणि सीरियाचा सुभेदार अॅव्हिडियस कॅशियस यानें स्वतःस बादशहा म्हणून जाहीर केलें. खरी हकीकत कळल्यावरही त्यानें माघार घेतली नाहीं. सुमारें तीन महिन्यांनीं त्याच्याच एका हाताखालच्या अंमलदारानें त्याला ठार मारून त्याचें मस्तक मार्कसकडे पाठविलें. मार्कसनें तें पाहण्याचें नाकारलें व त्याचें दफन करविलें. आपल्याला क्षमा करण्याची संधि मिळाली नाहीं याचें त्याला दुःख झालें. बंडांत सामील झालेल्या सरदारांचा प्राण घेऊं नये, अशी त्यानें वरिष्ठ सभेस विनंती केली. आणि कॅशियसचीं कागदपत्रें, त्यांत कोणाकोणाचीं नांवें आहेत हें न वाचतांच, जाळून टाकलीं असें इतिहासकार सांगतात. त्याच सुमारास आशियांत प्रवास करीत असतां फॉस्टिना मृत्यु पावली. तिच्याविषयीं लोक नाना प्रकारचे प्रवाद बोलत. पण पतीनें आपल्या टिपणांत तिचा प्रेमळपणा व साधेपणा यांविषयीं देवांचे आभारच मानले आहेत. तिच्या स्मरणार्थ त्यानें गरीब मुलींच्या पोषणासाठीं एक निधि स्थापिला.

येथपर्यंत आमची लेखणी आनंदानें चालली. आतां जें लिहावयाचें तें लिहितांना ती अडखळते.

मार्कसच्याच कारकीर्दींत ख्रिस्ती लोकांचा ठिकठिकाणीं छळ झाला. इ. स. १६५ च्या सुमारास रोममध्यें जस्टिन नांवाच्या ख्रिस्ती विद्वानाचा शिरच्छेद झाला. जस्टिन हाही तत्त्वज्ञान्याचेंच वस्त्र पांघरीत असे. त्याला देहान्ताची शिक्षा देणारा नगराधिकारी कोण होता? ज्यानें मार्कसच्या हातीं एपिक्टेटसचीं प्रवचनें दिलीं तोच जूनियस रस्टिकस. पुढें इ. स. १७७ मध्यें गॉल देशांतील लियों शहरीं लोकांनीं ख्रिस्ती मंडळीवर कहर केला. त्यांना बाजारांत व स्नानगृहांत फिरकूं देईनात. ते नरमांस खातात अशा कंड्या उठविल्या. नव्वद वर्षांहून अधिक वयाचा बिशप पोथिनस मार खाऊन दोन दिवसांनीं तुरुंगांत मरण पावला. पंधरा वर्षांचा पाँटिकस नांवाचा मुलगा छळ सोसून मेला. ब्लँडिना नांवाची एक अशक्त दासी होती. ती टिकाव धरणार नाहीं असें तिच्या सोबत्यांनाही वाटलें. पण तिचा छळ करणारे थकले, ती थकली नाहीं. अखेर तिला जाळ्यांत गुंडाळून बैलापुढें टाकण्यांत आलें. तेथील सुभेदारानें मध्यंतरीं बादशहाकडे विचारणा केली होती. उत्तर आलें तें असें कीं, जे आपला धर्म नाकारतील त्यांना सोडावें व जे नाकारणार नाहींत त्यांना मृत्युदंड द्यावा.

हें मार्कसच्या हातून कसें घडलें? तो क्रूर नव्हता. हा नियम त्यानें नवीन केला नाहीं. पूर्वीच्या बादशहांपासून चालत आलेला होता तोच त्यानें पाळला. राज्याच्या देवांना मान न देणारे लोक राज्याचे शत्रु आहेत, असें त्या काळचे भले भले लोक मानीत असत. ही कारणें खरीं आहेत, परंतु तीं पुरेशीं नाहींत. एपिक्टेटस या गुलामापासून सर्व मनुष्यांचें बंधुत्व शिकलेला बादशहा ब्लँडिना या दासीचें बंधुत्व ओळखूं शकला नाहीं. कॅशियसचें बंड त्याच्यापुढें एका मनुष्याच्या रूपानें उभें राहिलें, म्हणून त्याला क्षमा आठवली. लियोंचे कैदी त्याच्यापुढें एका सरकारी कागदाच्या रूपानें आले, आणि कागदाला नियमानें उत्तर मिळालें. तो रोज आपल्या रागाची, आळसाची व अहंकाराची झडती घेत असे. आपण चालवीत असलेल्या रूढ नियमाची झडती घेण्याचें मात्र त्याला सुचलें नाहीं. मनुष्यस्वभावाचें हें मोठें व्यंग आहे. आपले स्वतःचे दोष सत्पुरुषाला दिसतात, पण सर्व समाज मिळून जो दोष करितो तो त्यालाही दोष वाटत नाहीं.

दुसरें व्यंग प्रेमाचें. मार्कसच्या पूर्वींच्या चार बादशहांना राज्य देण्यास पुत्र उरला नव्हता, म्हणून त्यांनीं लायक पुरुष पाहून दत्तक घेतले व त्यामुळें साम्राज्याचें कल्याण झालें. मार्कसला मात्र कमोडस हा पुत्र उरला होता. त्यानें इ. स. १७७ मध्यें त्याला आपल्या बरोबरीचा बादशहा केलें. या मुलाला उत्तम शिक्षक होते, गॅलनसारखा वैद्य त्याच्या प्रकृतीवर नजर ठेवीत असे, आणि बापाचें उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर होतें. परंतु कमोडस व्यसनी व क्रूर निघाला. ज्या तलवारबाजीच्या खेळांचा बापाला कंटाळा होता, त्याच खेळांत हा बादशहा स्वतः आखाड्यांत उतरूं लागला. सख्ख्या बहिणीनें त्याच्या विरुद्ध कट केला व त्यांत तिचा प्राण गेला. शेवटीं इ. स. १९२ च्या अखेरच्या दिवशीं गळा दाबून त्याचा वध करण्यांत आला. मार्कसनें एखादा परका पण लायक मनुष्य निवडावयास हवा होता, असें म्हणणें सोपें आहे. परंतु राजाचा पुत्र जिवंत असतां दुसऱ्याला राज्य देणें म्हणजे त्या पुत्राचें मरण किंवा आपसांतील युद्ध ओढवून घेणें, हेंही तितकेंच खरें होतें.

कमोडसचे हे दिवस पाहण्यास मार्कस राहिला नाहीं. इ. स. १८० च्या मार्च महिन्याच्या १७ व्या तारखेस, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, डॅन्यूबच्या प्रदेशांत मोहिमेवर असतांनाच त्याचें देहावसान झालें. त्याच्या विजयांचें स्मारक म्हणून रोममध्यें उभारलेला प्रचंड कोरीव स्तंभ आजही उभा आहे. इ. स. १५८९ मध्यें पोप पाचवा सिक्स्टस यानें त्या स्तंभाच्या माथ्यावर संत पौलाचा पुतळा बसविला, तोही अद्याप तेथेंच आहे. मार्कसचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळाही वांचला, आणि त्याचें कारण मोठें विलक्षण आहे. मध्ययुगांतील लोकांना तो पहिला ख्रिस्ती बादशहा कॉन्स्टंटाइन याचा पुतळा वाटला, म्हणून त्यांनीं तो वितळविला नाहीं. ज्या ख्रिस्ती लोकांना त्याच्या राज्यांत न्याय मिळाला नाहीं, त्यांच्याच वंशजांनीं त्याची मूर्ति राखली. त्याचें टिपणांचें पुस्तकही मुख्यतः ख्रिस्ती लोकांनींच नकला करकरून जपलें.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? मार्कसला सिंहासन दैवानें दिलें, त्यांत त्याची थोरवी नाहीं. सांथ, युद्धें व मुलांचीं मरणें हींही दैवानेंच दिलीं, त्यांत त्याची न्यूनता नाहीं. त्याची थोरवी त्या छावणींतील दिव्यापाशीं आहे, जेथें तो रोज आपल्या मनाचा हिशेब मांडीत असे. हा हिशेब मांडण्यास राज्य लागत नाहीं. शाईची दौत व पांच मिनिटांचा खरेपणा पुरे होतो. मात्र तो मांडतांना मार्कसच्या हिशेबांत राहून गेलेली बाब आपण विसरतां कामा नये. आज मला राग आला का, एवढेंच विचारून थांबूं नये. वर्गांत, वाड्यांत, गांवांत सर्वजण ज्याला दूर ठेवितात, त्याला मीही सर्वांबरोबर दूर ठेविलें का, हाही प्रश्न त्या वहींत लिहावा.

आणि आमच्या पालकबंधुभगिनींस एवढीच विनंती कीं, मार्कस व कमोडस या पितापुत्रांचें त्यांनीं वारंवार स्मरण करावें. घर, शेत व धंदा मुलाच्या नांवें करून देतां येतो. शील करून देतां येत नाहीं. आपलें आचरण मुलांपुढें ठेवावें, त्यांच्यावर मनापासून प्रेम करावें, परंतु त्या प्रेमानें आपली दृष्टि झांकूं देऊं नये. एवढें करूनही मूल बिघडलें तर बापानें स्वतःस जाळून घेऊं नये. कारण प्रत्येक जीवाला आपलें मन आपणच घडवावें लागतें, मग तो बादशहाच्या पोटीं जन्मास येवो कीं मजुराच्या. ईश्वरानें प्रत्येकाच्या हातीं दिलेलें तेवढें एक लहानसें राज्य आहे, आणि त्याचा कारभार पाहण्यास दुसरा कोणी येणार नाहीं.